श्रद्धास्थानाची तपासणी म्हणजे अवमान काय?



जुना स्तूप वा स्मारक भूकंपात टिकेल की नाही, हे तपासणे म्हणजे त्याचा अवमान करणे होय काय? "इतकी शतके उभे आहे, त्याला काय होणार?" असे पुष्कळ भाविक म्हणतात. या म्हणण्याचा आपण विचार केला पाहिजे.

२५ एप्रिल २०१५ रोजी नेपाळात मोठा भूकंप झाला. काठमांडूचा प्राचीन काष्ठमंडप कोसळला. आत रक्तदान शिबिर चालू होते. दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी आलेल्यांपैकी काही जण तेथेच मेले. पुढे उत्खनन झाले, तेव्हा पाया हजार वर्षांहून जुना असूनही शाबूत निघाला. दोष आढळला तो अलीकडच्या डागडुजीत. एका मुख्य खांबाचा तळ पायाच्या दगडाशी नीट जोडलेलाच नव्हता. वेळीच कोणी पाहिले असते तर? त्याच शहरातला धरहरा मनोरा १९३४ च्या भूकंपात पडला, पुन्हा बांधला गेला आणि २०१५ साली वर चढलेल्या माणसांसह पुन्हा पडला.

१९३४ च्या त्याच भूकंपाने बिहारही उद्ध्वस्त झाला. ती अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा आहे, असे गांधीजींनी म्हटले. रवींद्रनाथ टागोरांनी त्याला जाहीर विरोध केला. अस्पृश्यता हे घोर पाप आहे, हे आपल्याइतके कोण जाणतो? पण जमीन हादरण्याचे ते कारण नव्हे. भगवान बुद्धाने कारणाशिवाय कार्य नाही असे शिकविले. म्हणून कारण जिथे आहे तिथेच ते शोधावे. काठमांडूचे खोरे पूर्वी सरोवर होते. तेथील मऊ गाळात हादरे वाढतात. मातीत रचलेल्या विटांची जाड भिंत वजन पेलते, परंतु आडवा धक्का बसला की कोपऱ्यात उकलते. ओलीने लाकूड कुजते. वरचा भार जड असेल तर धोका वाढतो. तपासणी करायची ती भेगांची, सांध्यांची, लाकडाची, पायाची आणि जमिनीची.

कोणी म्हणेल, "सर्व अनित्य आहे, मग जपायचे कशाला?" बांधवांनो, इमारत अनित्य आहे म्हणूनच तिच्यावर लक्ष ठेवावे लागते. अनित्यतेच्या शिकवणीबरोबरच तथागतांनी अप्रमादही शिकविला. निष्काळजीपणाला अनित्यतेचे नाव देणे ही पळवाट आहे. २०१५ साली काठमांडूच्या बौद्धनाथ स्तूपाच्या शिखराला तडे गेले. ते उतरवून नव्याने बांधले आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये स्तूप पुन्हा खुला झाला. शिखर उतरवले म्हणून उपासकांची श्रद्धा उणावली नाही.

ज्याने माणसाचे दुःख दूर करण्याचा मार्ग दाखविला, त्याच्या नावाने उभी असलेली वास्तू माणसाच्या अंगावर पडू देणे, हाच खरा अवमान आहे. म्हणून स्तूपाच्या वा स्मारकाच्या शोभेसाठी वर्गणी मागायला कोणी आले, तर देण्यापूर्वी एवढे विचारा: हिच्या भिंती जाणत्या इंजिनिअरने कधी पाहिल्या? पाहिल्या नसतील, तर आपले पहिले दान त्या कामासाठी द्या.