हेतू चांगला, पण...



डायलिसिसवर असलेल्या आजाऱ्यांना भेटायला गेलो की एक प्रश्न मनात घर करतो. यंत्राच्या नळ्यांतून फिरणारे रक्त गोठू नये म्हणून हेपारिन देतात. पण ज्याचे नुकतेच ऑपरेशन झाले आहे किंवा ज्याचा अल्सर वाहतो आहे, त्याला तेच औषध जिवावर बेतू शकते. द्यायचे नाही, तर फिल्टर गोठतो आणि आधीच रक्त कमी असलेल्या आजाऱ्याचे आणखी रक्त वाया जाते.

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस यांचा विचार घोकला होता: एकाच कृतीचे दोन परिणाम होऊ शकतात, त्यांतला अनिष्ट परिणाम आपला हेतू नसावा. पुढचे वाक्य मात्र (परीक्षेत येत नसे!) आम्ही घाईने ओलांडत असू. स्वसंरक्षणाविषयी ते म्हणतात की, हेतू चांगला असूनही गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर ती कृती चुकीचीच.

इथे कमी बळाचा मार्ग आहे. हेपारिनशिवाय, दर १५ ते ३० मिनिटांनी सलाइन सोडून नळ्या धुता येतात. सायट्रेट वापरले तर ते नळीतल्या रक्तातले कॅल्शियम बांधून ठेवते. रक्त शरीरात परतताना कॅल्शियम भरून दिले जाते. गोठणे थांबते ते यंत्रापुरते. पण त्यासाठी नर्स खाटेजवळ हवी, तपासण्या वारंवार हव्यात. माणसे कमी म्हणून हे टाळले आणि रक्तस्राव झाला, तर 'आमचा तसा हेतू नव्हता' हे उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

घरच्यांनो, आजारी पडला असेल, शौचातून रक्त जात असेल, तर संकोच न करता सुई टोचण्याआधीच सांगा.