अदृष्ट सहकाऱ्याचा विश्वास

मनुष्य मनुष्यावर विश्वास कां ठेवतो, असें विचारलें असतां सामान्यतः उत्तर मिळतें कीं, तो त्यास ओळखतो म्हणून. वाणी उधार देतो, कारण गिऱ्हाइकाचें घर, त्याचा बाप आणि त्याची मागील वर्षाची वहिवाट त्यास ठाऊक असते. ह्या ओळखीच्या पोटीं एक प्रकारचा जामीनही असतो. ज्यास उद्यां रस्त्यांत पुन्हां भेटावयाचें आहे त्यास फसविण्याची मनुष्यास लाज वाटते. परंतु ज्याचें तोंड आपण कधीं प्रत्यक्ष पाहिलें नाहीं, ज्याचें गांव आपणांस नकाशावरच ठाऊक आहे, आणि ज्याच्याशीं आपला संबंध संगणकाच्या पडद्यावरील अक्षरांपुरताच आहे, अशा मनुष्याबरोबर रोजचें पोटापाण्याचें काम करावयाचें झाल्यास विश्वासास आधार कशाचा? आणि अशा सहकाऱ्याचें आपण काय देणें लागतों?

हा प्रश्न केवळ तत्त्वज्ञांच्या करमणुकीचा राहिलेला नाहीं. भाईंदरच्या पूर्वेस नवघर म्हणून जें जुनें गांव आहे, तेथें एके काळीं मिठागरें आणि भातखाचरें हींच काय तीं कामाचीं ठिकाणें होतीं, आणि शेजारी व सहकारी हे एकच असत. पुढें गिरणी, कारखाना व कचेरी आली. १९८५ सालीं नवघर मीरा-भाईंदर नगरपरिषदेंत गेलें, २००२ सालीं त्या नगरपरिषदेची महानगरपालिका झाली, आणि शेतांच्या जागीं चाळी व इमारती उभ्या राहून तेथील मनुष्य सकाळची लोकल पकडून मुंबईस जाऊं लागला. घर एकीकडे व काम दुसरीकडे, अशी ही व्यवस्था बसली. मग २०२० च्या मार्चांत टाळेबंदी झाली, लोकल गाड्या सामान्य उतारूंस कित्येक महिने बंद राहिल्या, आणि पुष्कळांची कचेरी त्यांच्या घरांत येऊन बसली. टाळेबंदी उठली तरी ती सर्वांची परत गेली नाहीं. आज एकाच बिऱ्हाडांत बाप पूर्वींप्रमाणें गर्दीच्या डब्यांत उभा राहून चर्चगेटकडे जातो, आणि मुलगी किंवा सून स्वयंपाकघराशेजारच्या खोलींत बसून पुणें, बंगळूर व लंडन येथील सोबत्यांबरोबर काम करते. लहान मूल घरीं असतां जिला नोकरी सोडावी लागली असती, तिला ती राखतां येते. जो प्रवासांत रोज तीन तास घालवी, त्यास ते परत मिळतात. ही सोय टिकावी कीं जावी, हें अखेर पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

अनोळखी मनुष्यावर भिस्त ठेवून व्यवहार करणें ही गोष्ट आजची आहे असें मात्र समजूं नये. आपल्या देशांतील सावकारी पेढ्यांनीं हुंडीच्या द्वारें हेंच शतकानुशतकें केलें. एका शहरांतील पेढीनें लिहिलेल्या कागदावर दुसऱ्या शहरांतील पेढी रोकड मोजून देई. शहाजोग हुंडीचे पैसे वाटेल त्याच्या हातीं पडत नसत. ज्याची बाजारांत पत आहे अशा शहाच्या हातींच ते जात. हुंडी गहाळ झाली तर पेठ लिहीत, तीही गहाळ झाली तर परपेठ, आणि पैसे चुकते झाल्यावर ती हुंडी खोका म्हणून जपून ठेवीत. येथें चेहऱ्याची उणीव दोन गोष्टींनीं भरून काढलेली दिसते: एक पत, आणि दुसरी, मागाहून कोणासही तपासतां येईल अशी नोंद.

दुसरें उदाहरण विद्येच्या क्षेत्रांतील आहे. जेम्स मरे यांनीं १८७९ सालीं ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाचें संपादन पत्करलें, तेव्हां शब्दांच्या उपयोगाचीं उदाहरणें चिठ्ठ्यांवर उतरून पाठवावीं अशी विनंती त्यांनीं इंग्रजी वाचणाऱ्या सर्व लोकांस केली. ज्यांनीं हजारों चिठ्ठ्या पाठविल्या त्यांत मायनर नांवाचा एक अमेरिकन शल्यवैद्य होता. तो ब्रॉडमूर येथील वेड्यांच्या इस्पितळांत, भ्रमिष्टपणांत केलेल्या एका खुनामुळें बंदिवासांत आहे, हें मरे यांस कित्येक वर्षें माहीत नव्हतें. मरे यांनीं विश्वास ठेवला तो मायनर यांच्या चारित्र्यावर नव्हे, तर त्यांच्या चिठ्ठीवर. कारण प्रत्येक चिठ्ठींत पुस्तकाचें नांव असे आणि उतारा मुळाशीं ताडून पाहतां येई. कोश १९२८ सालीं पुरा झाला. तोंपर्यंत मरेही नव्हते आणि मायनरही नव्हते, पण त्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या ठरल्या होत्या.

येथें कोणी शंका काढील कीं, सावकार व पंडित यांची गोष्ट निराळी. सामान्य मनुष्य दृष्टीआड झाला कीं कामचुकारपणा करणारच. ही शंका फार जुनी आहे. प्लेटोच्या 'रिपब्लिक' ग्रंथांत गायजीस नामक मेंढपाळाची कथा आहे. त्यास अदृश्य करणारी अंगठी सांपडते, आणि कोणी पाहत नाहीं असें कळतांच तो राजास मारून राज्य बळकावतो. घरीं बसून काम करणाऱ्या प्रत्येकाच्या बोटांत आज अशी एक अंगठी आहे, असें मालकास वाटतें. आणि ह्या भयावर त्यानें शोधलेला उपाय म्हणजे पाळत. नोकराच्या पडद्याचीं चित्रें घटकेघटकेस टिपणारीं, त्याचीं बोटें कळफलकावर किती वेळां पडलीं हें मोजणारीं साधनें आतां बाजारांत विकत मिळतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस जेरेमी बेंथॅमनें एका तुरुंगाचा आराखडा मांडला होता. त्यांत मधल्या मनोऱ्यावरील पहारेकऱ्यास सर्व कैदी दिसत, पण कैद्यांस पहारेकरी दिसत नसे. ती कल्पना दगडाविटांत बेंथॅमच्या हयातींत उतरली नाहीं. ती नवघरच्या एखाद्या बिऱ्हाडांत, देव्हाऱ्याशेजारच्या टेबलावर, आतां उतरली आहे.

ह्या उपायाचा दोष केवळ तो कठोर आहे हा नाहीं. जें मोजतां येतें तेंच तो मोजतो, आणि जें मोजलें जातें तेंच मनुष्य करूं लागतो. विचार करण्यासाठीं खिडकीबाहेर पाहत बसलेला मनुष्य यंत्रास आळशी दिसतो. निरर्थक अक्षरें बडविणारा उद्योगी दिसतो. शिवाय ज्याच्यावर एकतर्फी पाळत आहे त्यास एक गोष्ट पक्की समजते, ती ही कीं आपला शब्द येथें पुरावा म्हणून चालत नाहीं. ज्याच्या शब्दास किंमत नाहीं तो शब्द पाळण्याची खटपट कां करील? अंगठीच्या भयानें घातलेला पहारा अशा रीतीनें अंगठी वापरण्याची बुद्धि स्वतःच उत्पन्न करतो.

मग दुसरा मार्ग कोणता? त्यासाठीं मुंबईच्या डबेवाल्यांकडे पाहावें. १८९० च्या सुमारास महादू हावजी बच्चे यांनीं सुरू केलेल्या ह्या धंद्याचा अभ्यास हार्वर्डच्या व्यापारविषयक विद्यालयानेंही २०१० सालीं प्रसिद्ध केला. घरून डबा उचलणारा आणि कचेरींत तो पोहोंचविणारा हे बहुधा निराळे असतात. मधल्या वाटेंत डबा अनेक हातांतून जातो. झांकणावरील रंग, अक्षरें आणि आंकडे ह्यांवरून प्रत्येकास आपलें काम कळतें. ही खूण कोणा एकाच्या कपाटांत नसते; ती सर्वांस दिसते व सर्वांस वाचतां येते. टोळीची मिळकत टोळींत वांटली जाते, तेव्हां एकाच्या चुकीनें गिऱ्हाईक गेलें तर तोटा सर्वांस लागतो. २०२० नंतर कचेऱ्याच ओस पडल्यामुळें हा धंदा पुष्कळ आकसला. परंतु तो विश्वास तुटल्यामुळें आकसला नाहीं, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

अर्थात् डबेवाले बहुतेक मावळ, खेड, आंबेगांव, जुन्नर ह्या भागांतील; नात्यागोत्याचे. तेव्हां येथें काम करतें तें गांवकीचें बळच, असा आक्षेप येईल, व तो कांहीं अंशीं खरा आहे. म्हणून नात्यापलीकडचें उदाहरण घ्यावें. १५ मार्च १९५९ रोजीं गिरगांवांतील एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं ऐशीं रुपये उसने घेऊन पापड लाटले. तेंच पुढें श्री महिला गृह उद्योग लिज्जत पापड म्हणून प्रसिद्धीस आलें, आणि आज तींत निरनिराळ्या जातिधर्मांच्या चाळीस हजारांवर स्त्रिया अनेक प्रांतांत काम करतात. शाखेंत मळलेलें पीठ घेऊन सदस्या घरीं जाते, आपल्या सवडीनें पापड लाटते, आणि दुसऱ्या दिवशीं तोलून देऊन मजुरी घेते. तिचे हात लाटतांना कोणी पाहत नाहीं. पापडाचें वजन व प्रत पाहिली जाते, आणि घरच्या स्वच्छतेची चौकशीही होते. पण चौकशी करणारी व जिची चौकशी होते ती, दोघीही त्याच संस्थेच्या मालकीण. नफा सर्वांचा व तोटाही सर्वांचा. ज्या तपासणींत तपासणारा व तपासला जाणारा ह्यांच्या जागा उद्यां बदलूं शकतात, तिला पाळत म्हणतां येणार नाहीं.

याहून पुढची पायरी मराठी विकिपीडियाची आहे. १ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या ह्या ज्ञानकोशांत लिहिणारे एकमेकांस बहुधा नांवानेंही ओळखत नाहींत. पुष्कळांनीं टोपणनांवें घेतलेलीं असतात, आणि मोबदला कोणासच नाहीं. गायजीसच्या अंगठीस याहून सोयीची जागा कोणती? खोडसाळपणा तेथें होतोही. परंतु प्रत्येक पानास त्याचा इतिहास जोडलेला असतो; कोणत्या घटकेस कोणत्या नांवानें काय बदललें हें वाटेल त्या वाचकास उघडून पाहतां येतें आणि बिघडलेलें पूर्ववत् करतां येतें. तेथें मनुष्य झांकलेला आहे, पण त्याची कृति उघडी आहे. पाळतींत बरोबर ह्याच्या उलट होतें: मनुष्य उघडा पडतो, त्याचें घर, त्याचा श्वास, त्याचें रडणारें मूल सर्व दिसतें, आणि त्याच्या कामाचें मोल मात्र कोणास कळत नाहीं.

ह्या सर्व उदाहरणांतून मला जें दिसतें तें असें. चेहऱ्याची जागा पहारा घेऊं शकत नाहीं; ती दोन गोष्टी मिळून घेतात. पहिली, सर्वांस सारखीच दिसणारी कामाची नोंद, जींत नोकराच्या दिरंगाईबरोबर मालकाचा बदललेला हुकूमही लिहिलेला असतो. दुसरी, नफ्यातोट्यांतील खरी भागी. ठाण्याच्या किनाऱ्यावर खाजणाचे बांध गांवानें मिळून राखावे लागत, कारण बांध कोणाच्याही शेताशीं फुटला तरी खारें पाणी सर्वांच्या भातांत शिरे. रात्रीं बांधावर कोण गेला आणि कोण नाहीं ह्याची हजेरी घेण्यापेक्षां हें ज्ञान अधिक कामाचें होतें. जेथें पाणी एकाच्याच शेतांत शिरतें व पीक दुसऱ्याच्याच घरीं जातें, तेथें कितीही यंत्रें बसविलीं तरी बांध राखला जाणार नाहीं.

परंतु व्यवस्था चांगली असली म्हणून व्यक्तीचें कर्तव्य संपत नाहीं. २०२२ सालीं विप्रो कंपनीनें प्रतिस्पर्ध्यांचेंही काम करणाऱ्या तीनशे नोकरांस काढून टाकल्याचें जाहीर केलें, तेव्हां वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. कोणी त्यास लबाडी म्हणालें, कोणी म्हणालें कीं रिकाम्या वेळाचा धनी नोकरच. फावल्या वेळीं अन्य उद्योग करणें हें सर्वस्वीं पाप आहे असें मला वाटत नाहीं. तें लपवून करणें आणि तेंही प्रतिस्पर्ध्यासाठीं करणें हें मात्र ज्या दिसण्यावर सर्व इमारत उभी आहे तेंच पोखरणें होय. त्याची झळ मालकापेक्षां त्या दूरच्या सोबत्यास अधिक लागते, जो रात्रीं जागून आपल्या वांट्याचें काम पुरें करतो आणि दुसऱ्या वांट्याची वाट पाहत बसतो. अडचण आली तर ती मुदत उलटण्यापूर्वीं सांगणें, निरोपास उत्तर देणें, दुसऱ्याच्या कामावर त्याचें नांव राहूं देणें, ह्या गोष्टी समोरासमोर सहज होतात. दूरवर त्या मुद्दाम कराव्या लागतात, आणि म्हणूनच तेथें त्यांस नीतीची किंमत येते.

मालकाच्या पदरींही तितकीच जबाबदारी पडते. जी पत्करून कचेरी नोकराच्या घरांत शिरली, त्या घराचे नियम तिनें पाळले पाहिजेत. जेवणाची वेळ, झोंपेची वेळ, आजाऱ्याची सेवा ह्यांस कचेरींत जागा नव्हती. घरांत ती आहे. भाड्याच्या जागेंत राहणाऱ्यानें मालकाच्या परवानगीवांचून भिंत पाडूं नये, हा न्याय येथें उलट दिशेनें लावावयाचा आहे, कारण आतां भाडेकरू कंपनी आहे.

गायजीसच्या कथेंत प्लेटोनें विचारलेला प्रश्न असा कीं, कोणीही पाहत नसतां मनुष्य न्यायानें वागेल काय? ह्याचें उत्तर एकट्या मनुष्याच्या अंतःकरणांत शोधण्याची आपणांस संवय आहे. परंतु गायजीसला भागीदार नव्हता. अंगठीनें मिळालेलें सर्व त्याचें एकट्याचें झालें, आणि त्यानें केलेल्या नुकसानींत त्याचा वांटा नव्हता. गिरगांवच्या गच्चीवरील सात जणींस अशी अंगठी सांपडली असती, तर तिचा त्यांस फारसा उपयोग झाला नसता. आपल्या मुलीसुनांनीं घरीं बसून मानानें मिळवावें अशी ज्यांची इच्छा आहे, त्यांनीं त्यांच्या नेमणुकीच्या कागदांत पगाराच्या आंकड्याबरोबर हेंही पाहावें कीं, तेथें त्यांस भागी दिली आहे कीं केवळ पहारा.