कललेली भिंत

शिरपूरकडच्या धाब्याच्या घरात भिंत कलली, की घरधनी आधी टेकू शोधतो. मातीची भिंत खोटे बोलत नाही. कलली म्हणजे ती पडणार! महानगरांतल्या नव्या वास्तुकलेने मात्र हा न्याय उलटा केला आहे. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात १९८८ साली सात वास्तुकारांच्या कामाचे प्रदर्शन भरले आणि मोडल्या-वाकल्यासारख्या इमारतींना ‘विरचनावादी’ हे नाव रूढ झाले. त्यांपैकी रेम कूलहास यांच्या संस्थेने बीजिंगला सरकारी दूरचित्रवाणीसाठी २३४ मीटर उंचीचे भवन रचले. २०१२ साली ते पुरे झाले. दोन कललेले मनोरे वर अधांतरी एकमेकांना भेटतात. पाहणाऱ्याला वाटते, आता कोसळले! पण अंगावरची पोलादी जाळी सारा भार तोलून धरते.

मग या भवनाला खोटारडे म्हणावे काय? मुंबईत चार्ल्स कोरियांच्या ‘कांचनजंगा’चेही (१९८३) कोपरे कोरलेले आहेत, परंतु ते वाऱ्यासाठी, जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याची आठवण ठेवून. तिथे मोडण्यामागे राहणाऱ्याचे सुख आहे.

कोणी म्हणेल, विस्मय हीही माणसाची भूकच. खरे आहे. दारचा आकाशकंदील तरी कोठे निव्वळ उजेडासाठी असतो? पण कंदिलाची हौस ज्याची, खर्चही त्याचाच. सरकारी मनोऱ्याची हौस थोड्यांची आणि पोलादाचा पैसा पुष्कळांचा. रेषा वाकडी असावी की सरळ, हे कलावंताने ठरवावे. ती कोणासाठी आणि कोणाच्या खर्चाने वाकवली, हे विचारण्याचा हक्क मात्र टेकू लावणाऱ्या त्या घरधन्यालाही आहे.