काकीची पेन्शन

खाडीच्या मधोमध जमीन असली की आमच्याकडे तिला जुवं म्हणतात. आमचं जुवं काही मोठं नाही. कडेनं खारबंदिस्तीचा बांध, आत भाताची खाचरं, मधल्या उंचवट्यावर घरं आणि माड. पलीकडच्या काठावरच्या दोन वाड्या आणि जुवं मिळून एक ग्रुप ग्रामपंचायत आहे. सदस्य सात, त्यातले दोन जुव्याचे. बँक, दवाखाना, तलाठी, रेशन सगळं पलीकडे. भरती असली तर होडी सरळ काठाला लागते. सुकतीला गेलात तर गुडघाभर चिखल तुडवायचा, चपला हातात.

मी दहावी झालो तेव्हा जुव्यावर दहावी झालेले आम्ही दोघेच. दुसरा मुंबईला गेला तो गेलाच. त्यामुळे जुव्यावरचे अर्ज भरायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. शेती करायची, बांधाला भोक पडलं की बुजवायचं आणि संध्याकाळी चष्मा लावून लोकांचे अर्ज भरायचे. त्याचे मी कधी पैसे घेतले नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे झालं त्याचं मूळ मला याच बढाईत दिसतं.

काकीची पेन्शन मी चालू करून दिली. काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. नवरा लवकर गेला, मूल नाही. दोन माड, एक खाचर, आणि सुकतीला खडकावरची कालवं काढून विकायची. श्रावणबाळ योजनेला वय पासष्टच्या वर लागतं आणि कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत लागतं. काकीचं खरोखरच आत होतं. बाकी कितीजणांचं असतं हे तालुक्यातल्या सगळ्यांनाच माहीत आहे. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५० रुपये, एवढ्यात आजकाल कोण जगतं? पण दाखल्यावर सगळ्यांचा आकडा बरोबर त्याच्या आत बसतो. तो विषय निराळा, त्यावर पुन्हा कधी तरी.

काकीच्या अर्जासाठी मी सात खेपा मारल्या. वयाचा पुरावा नव्हता, आधार कार्डावर जन्मतारीख १ जानेवारी, तीही चुकीच्या सालाची. बँकेत आंगठा यंत्रावर उमटेना. कालवं फोडून फोडून रेषा झिजलेल्या. शेवटी एकदाचे महिन्याचे १,००० रुपये खात्यात पडायला लागले. पहिल्या महिन्याला तिनं मला नारळाच्या दोन वड्या आणून दिल्या. हिशेब तिथं मिटला, असं तिला वाटलं असणार.

मग डिसेंबर २०२२ ची निवडणूक आली. ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह नसतं, पण कोणतं पॅनेल कोणत्या पक्षाचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. सरपंच पुन्हा थेट जनतेतून निवडायचा होता. मी आमच्या पॅनेलचा, आणि पत्रक लिहायचं काम माझं. दोनच मुद्दे होते. एक निधीचा, दुसरा पेन्शनचा.

निधीचं खरं असं होतं. मार्च २०२६ पर्यंत पंधराव्या वित्त आयोगाचे पैसे यायचे ते मुख्यतः डोकी मोजून, आणि डोकी मोजलेली २०११ ची. त्यानंतर जनगणनाच झाली नव्हती. जुव्यावरच्या त्या डोक्यांतली कितीतरी आता नाहीत, कितीतरी विरार-नालासोपाऱ्याला आहेत. म्हणजे कागदावर आम्ही जास्त आणि संध्याकाळी दिवे बघितले तर कमी. तरीही आम्हाला पैसे जास्त पडतात असं म्हणता येत नाही, कारण काठावर एक नळ टाकायला जे लागतं त्याच्या कितीतरी पट खाडीतून पाईप आणायला लागतं. डोकी मोजून वाटणं न्यायाचं की अडचण बघून वाटणं न्यायाचं, यावर आमच्या ग्रामसभेत दर वर्षी भांडण होतं आणि काठावरच्यांचे हात जास्त वर होतात. वर त्या पैशातले साठ टक्के पाणी आणि स्वच्छता यासाठी बांधलेले असायचे. उरायचे ते चाळीस, त्यात तीन वाड्या.

आणि मी पत्रकात लिहिलं, जुव्याला पक्की पकटी बांधून देऊ. ग्रामपंचायतीच्या निधीतून पकटी होत नसते, ते काम मेरीटाईम बोर्डाकडचं, हे मला लिहिताना माहीत होतं. दुसऱ्या पॅनेलनं पण तेच लिहिलं होतं, त्यांनाही माहीत होतं.

त्याखाली ओळ होती, "जुव्यावरील अकरा निराधार वृद्धांना पेन्शन मिळवून देणारे पॅनेल." पेन्शन सरकारची, खेपा माझ्या, आणि नाव पॅनेलचं. ती ओळ मीच लिहिली. छापून आल्यावर बरी पण वाटली.

मतदानाला मुंबईहून दोन गाड्या भरून चाकरमानी आले. सकाळी मत दिलं, दुपारी मटण खाल्लं, रात्री परत. मतमोजणीला कळलं, सरपंच आमचा झाला, काठावरच्या जागा आमच्या आल्या, जुव्याच्या दोन्ही गेल्या. सहा मतांनी.

सहा मतं म्हणजे कोण, हे मोजायला आम्हाला रात्र पुरली. काकीचं नाव कुणी तरी घेतलं. मी म्हटलं, शक्य नाही. दुसऱ्या दिवशी तिच्याच खळ्यात जाऊन बसलो आणि गोष्ट काढली. ती कालवं फोडत होती. लपवलं नाही तिनं.

"दिलं मी त्यांना. त्या पोरानं बांधाला उघाडी बसवताना चार दिस चिखलात काम केलान, मी बघितलंय."

"आणि मी? तुझ्या पेन्शनला मी सात वेळा गेलो काकी."

"गेलास ना. मी कुठं नाय म्हनते?"

आमचे पॅनेलप्रमुख अशा वेळी एक दाखला देतात, तो मी तिला दिला. तरीत बसलं तर भाडं द्यावं लागतं. फुकट कोण कोणाला पलीकडे नेतो?

काकीनं कोयता खाली ठेवला. म्हणाली, "तरीचं भाडं बसायच्या आधी ठरतं रं बाबू. तू बसवताना काय सांगितलं नव्हतंस. सांगितलं असतंस तर मी बसले असते का नसते, ते माजं मी बघितलं असतं."

मला याचं उत्तर सुचलं नाही. आज चार वर्षं होत आली, अजून नीटसं सुचलेलं नाही. हक्क आहे म्हणून नुसतं बसून राहिलं तर तो कचेरीच्या कपाटात पडून राहतो. कोणी तरी वल्हं मारावंच लागतं. ज्यानं मारलं त्याला काहीच देणं लागत नाही असं म्हणणं मलाही कोतेपणाचं वाटतं. पण देणं लागतं तर ते मत का? दोन वड्यांनी का नाही फिटलं? आणि माझ्या खेपांचं देणं मी पॅनेलच्या नावावर कसं वटवलं, हे तर मी तिला सांगितलंच नव्हतं.

तेव्हा मात्र असा काही विचार मी केला नाही. मला राग आला होता. पॅनेलप्रमुख म्हणाले, "आता जुव्यावरच्यांनी आपापली कामं आपापली करावीत." मी ऐकून घेतलं. हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

पेन्शनवाल्यांना वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. आपण जिवंत आहोत हे कागदावर. दर वर्षी मी सगळ्या म्हाताऱ्यांना दोन फेऱ्यांत नेऊन आणायचो. त्या वर्षी दहाजणांना नेलं. काकीला म्हटलं, होडीत जागा नाही, तुला पुढच्या खेपेला नेतो. मार्चमध्ये ती विचारायला आली. मी खाचरात होतो.

"बाबू, दाखल्याला कवा जायाचं?"

"आज नको काकी, उधाण आहे."

तिनं खाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. त्या दिवशी अष्टमी होती. अष्टमीला भांगाचं पाणी असतं, खाडी संथ पडलेली. उधाण अमावास्या-पौर्णिमेला. साठ वर्षं खडकावर सुकती बघून जगलेल्या बाईला मी हे सांगत होतो. ती "बरं" म्हणाली आणि गेली. भांडली असती तर मी तिथंच वितळलो असतो, एवढं मला माझं माहीत आहे. पण ती भांडली नाही आणि मी पुन्हा विषय काढला नाही.

एप्रिलपासून काकीची पेन्शन बंद झाली. मला वाटलं होतं, दुसऱ्या पॅनेलचा तो पोरगा नेईल. तो बोटीवर कामाला गेला होता. काकीनं कोणाला सांगितलंच नाही. मे महिन्यात तिच्या घरात चुलीवर नुसती पेज बघितली तेव्हाही मी स्वतःला म्हटलं, म्हातारी माणसं रात्री पेजच खातात. पावसाळ्यात सरकारनं रक्कम १,५०० केली. दहाजण मला खात्याचं पुस्तक दाखवायला आले, काकी आली नाही.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेलो. म्हटलं, चल. भर पावसात ऑगस्टात, खरोखरच्या उधाणात नेली तिला. अर्ध्या वाटेत लाट आत आली, ती डब्यानं पाणी उपसत होती. कचेरीत सांगितलं की खातं पुन्हा चालू होईल. मधल्या महिन्यांचे पैसे काही आले नाहीत, ते आजतागायत नाहीत. म्हणजे ४,००० रुपये आणि वर काही, मी तिचे बुडवले. मी ते देऊ केले. तिनं घेतले नाहीत. म्हणाली, "सरकारचं पैसं सरकार देईल. तू कशाला?"

परत येताना जुव्याला उतरायच्या आधी तिनं कनवटीची वीस रुपयांची नोट काढून फळीवर ठेवली. ओली होती. मी म्हटलं, काकी हे काय? ती म्हणाली, "भाडं. आता पुढच्या खेपेचं पन ठरवून टाक."

मी वीसच म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

तेव्हापासून ती दर खेपेला वीस रुपये देते आणि मी घेतो. पहिल्यांदा बायको म्हणाली, लाज नाही वाटत का, म्हाताऱ्या काकीकडून भाडं घेता. तिला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. येत्या वर्षी, २०२७ ला, निवडणूक आहे. परवा पॅनेलप्रमुख येऊन गेले, पत्रकाचं बघा म्हणाले, पेन्शनवाले आता चौदा झालेत ते घाला. मी पाण्याचं लिहून दिलंय. पकटीचं गाळलं. पेन्शनच्या ओळीची जागा मोकळी ठेवलीय, ते विचारतील तेव्हा बघू.