दिलेला शब्द आणि घटनेची मर्यादा

कुंभकोणम् येथे कावेरीकाठी राहणाऱ्या आम्हां मराठी माणसांना 'तह' या शब्दाचा अर्थ ग्रंथांतून शोधावा लागत नाही. हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांचा. 1799 च्या तहाने सरफोजीराजांनी त्याचा कारभार कंपनी सरकारच्या हवाली केला. किल्ला, त्याचा परिसर आणि उत्पन्नाचा ठरलेला हिस्सा एवढेच दरबाराकडे उरले. 1855 मध्ये शिवाजीराजे पुत्रसंतान न ठेवता वारले. कंपनीने गादी खालसा केली आणि त्यांची खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईसाहेबांनी दाद मागितली. मद्रासच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. परंतु 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो फिरविला. हे राज्यसत्तेचे कृत्य असून त्याची न्याय्यता तपासण्याचा अधिकार न्यायालयांना नाही, असा त्याचा आशय होता. 1862 मध्ये मालमत्ता परत मिळाली, पण हक्क म्हणून नव्हे, कृपा म्हणून.

आंतरराष्ट्रीय करार राज्यघटनेहून श्रेष्ठ मानावा काय, या प्रश्नाचे मर्म येथे आहे. तो श्रेष्ठ मानला, तर परराष्ट्राशी व्यवहार करणाऱ्या सरकारला कोणी जाब विचारावयाचा नाही, हीच जुनी अवस्था परत येईल. 1958 मध्ये नेहरू आणि पाकिस्तानचे पंतप्रधान नून यांनी बंगालमधील बेरुबारीची वाटणी मान्य केली. देशाची भूमी घटनादुरुस्तीवाचून परराष्ट्रास देता येणार नाही, असे मत सर्वोच्च न्यायालयाने 1960 मध्ये दिले. त्याच वर्षी संसदेने नववी घटनादुरुस्ती केली. जेथे माणसे राहतात ती भूमी केवळ दोन सह्यांनी हस्तांतरित होत नाही, हे त्यातून ठरले.

यावर कोणी म्हणेल, मग घटनेची ढाल पुढे करून कोणीही शब्द मोडील. ही शंका रास्त आहे. म्हणूनच 1969 च्या व्हिएन्ना संकेताने, अंतर्गत कायद्याची सबब सांगून करारभंगाचे समर्थन करता येणार नाही, असे सामान्यतः ठरविले. आपल्या घटनेचे 51 वे कलमही करारांविषयी आदर वाढविण्यास सांगते, आणि 253 वे कलम त्यांच्या अंमलबजावणीसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेस देते.

तेव्हा घटनेची आठवण शब्द देण्यापूर्वी व्हावी, मोडताना नव्हे. ज्यांच्या वतीने शब्द द्यावयाचा त्यांना आधी विचारावे आणि दिल्यावर तो पाळावा. नाही तर बलिष्ठाचा करार आणि दुबळ्याचे नशीब एवढेच उरते. कामाक्षीबाईसाहेबांना ते पुरते कळले असेल.