जागेवर, की पोहोच

बऱ्हाणपूरला केळीच्या व्यवहारात भावाचा आकडा ऐकून कोणी लगेच मान डोलावत नाही. आधी विचारले जाते: जागेवर, की पोहोच? भाव जागेवरचा असेल तर बांधावर माल तोलून दिला की देणारा मोकळा. पुढची हमाली, भाडे, उन्हातली घट आणि घाटात बंद पडलेल्या ट्रकाची अख्खी रात्र घेणाऱ्याची. भाव पोहोच असेल तर दिल्लीच्या आझादपूर मंडीत माल उतरेपर्यंत देणाऱ्याच्या डोळ्याला डोळा नाही. या निवडीत रुपयांचा फरक असतोच. पण मला त्याहून अधिक खुणावते ती तिच्यामागची जुनी मानवी निकड. वस्तू एका हातून दुसऱ्या हाती जाताना तिची काळजी वाटेतल्या कोणत्या बिंदूवर मालक बदलते, हे माल सुखरूप आहे तोवर, दोघांचीही मने शांत आहेत तोवर, ठरवून ठेवलेले बरे असते. संकट कोसळल्यावर न्याय सुचणे कठीण. म्हणून व्यापारी माणूस संकट जन्माला येण्याआधीच त्याची वाटणी करतो. बापाच्या हयातीतच भावांनी वाटणीपत्र लिहून घ्यावे, तसे हे काहीसे अप्रशस्त आणि अतिशय शहाणपणाचे काम आहे.

हे गाव वाटेच्या आधाराने वाढले, त्यामुळे वाटेची भीतीही त्याच्या व्यवहारात मुरलेली आहे. फारुकी सुलतानांनी तापीकाठी ते वसवले, १६०१ मध्ये असीरगड पडल्यावर ते मोगलांच्या दख्खनचे दार झाले, आणि सुरतेहून आग्र्याकडे जाणारा माल त्याच्या वेशीतून जाऊ लागला. समुद्र इथून दूर, पण समुद्राचे भरती-ओहोटीचे हिशेब इथल्या पेढ्यांवर मांडले जात. नोव्हेंबर १६१५ मध्ये इंग्रजांचा वकील सर थॉमस रो येथे शाहजादा परवेझला भेटला आणि वखारीची परवानगी त्याने पदरात पाडून घेतली. नजराण्यात त्याने मद्याच्या बाटल्यांची एक पेटी दिली होती. त्याच मद्याने शाहजाद्याला असे आडवे केले की ठरलेली पुढची भेट राहूनच गेली. माल बिनचूक पोहोचूनही हेतू वाटेत सांडतो, याचे इतके खट्याळ उदाहरण व्यापाराच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

त्याच शतकात आलेला फ्रेंच जवाहिऱ्या तावेर्निये सांगतो की इथले तलम, पारदर्शक कापड इराण, तुर्कस्तान, अरबस्तान, कैरो आणि थेट रशिया-पोलंडपर्यंत जाते. मी ही ठिकाणे नकाशावर बोटाने शोधतो तेव्हा माझे मन कापडाबरोबर पुढे जात नाही, मागे विणकराकडे वळते. ज्याच्या बोटांतून तो धागा गेला, त्याला वॉर्सा कुठे आहे हे ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्याने ताणा उतरवला, मजुरी घेतली, आणि त्या क्षणी त्या वस्त्राच्या भविष्याशी असलेले त्याचे नाते संपले. कारागिराचा भाव बहुधा जागेवरचाच असतो. वाटेची जोखीम त्याच्यावर नाही, हे खरे. परंतु वाटेचा नफाही त्याचा नाही, आणि जोखीम व नफा हे दोघे किती जुने सोबती आहेत हे त्याच्या रिकाम्या ओट्यावरून कळते. आजही यंत्रमागावर दुसऱ्याचे सूत घेऊन मजुरीने कापड विणणारा इथला माणूस त्याच बाजूला उभा आहे. त्याचे नुकसान मर्यादित, म्हणून त्याचे आयुष्यही मर्यादित, अशी ही कठोर सममिती आहे.

मधल्या वाटेचे काय? त्या काळी वाट म्हणजे केवळ अंतर नव्हे. नाकी, जकाती, चोर, चिखल आणि प्रत्येक जहागीरदाराची वेगळी लहर. आपल्याकडे तिच्यासाठी हुंडेकरी होता. ठरलेली एकरकमी रक्कम घ्यायची, वाटेतल्या सगळ्या जकाती स्वतः भरायच्या आणि माल मुक्कामी नेऊन टाकायचा, हा त्याचा धंदा. आज जगभरच्या करारांत ‘डीडीपी’ या तीन अक्षरांनी जे वचन दिले जाते, सर्व कर भरून दारात माल, ते त्याने बैलांच्या खुरांच्या गतीने पाळले. सुजान राय याने सतराव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या ‘खुलासतुत्तवारीख’ या ग्रंथात सराफ मोबदला घेऊन इतरांचा माल सुखरूप पोहोचवून देतात याचा उल्लेख आहे, आणि त्याला तो विमाच म्हणतो. या सर्वांहून सूक्ष्म रचना जोखमी हुंडीची. सामान्य हुंडी मुदत भरली की देणे असते. जोखमी हुंडी माल पोहोचला तरच. गलबत बुडाले, तर कागदही त्याच्याबरोबर बुडाला आणि ज्याने तो पैसे मोजून विकत घेतला होता त्याने कपाळाला हात लावायचा. एकाच कागदात कर्ज, वाहतूक आणि नियती यांना एकत्र शिवणाऱ्या त्या अज्ञात बुद्धीसमोर मला नतमस्तक व्हावेसे वाटते.

तरीही ही सारी वाटणी दोघांतली. वाट मात्र दोघांची कधीच नसते. १६३० च्या पावसाने गुजरात आणि दख्खनला दगा दिला, आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पीटर मंडी हा इंग्रज सुरतेहून बऱ्हाणपूरमार्गे आग्र्याला निघाला. वाटेत प्रेतांमुळे तंबू ठोकायला जागा मिळणे अवघड व्हावे, असा तो दुष्काळ होता. त्याच वाटेने बंजाऱ्यांचे तांडे, हजारो बैलांच्या पाठीवर धान्याच्या गोण्या घेऊन, बऱ्हाणपूरला चालले होते. तिथे शाहजहानची छावणी होती आणि धान्य छावणीचे होते. करार चोख होता. मालाची मालकी, भाडे, पोहोचण्याचे ठिकाण, सगळे निश्चित. फक्त बैलांच्या दोन्ही अंगांना मरत असलेल्या माणसांना त्या कराराच्या कोणत्याही कलमात जागा नव्हती. पुढच्या जूनमध्ये याच गावात मुमताज महल बाळंतपणात गेली, तापीपलीकडे जैनाबादला तिला तात्पुरते दफन केले, आणि डिसेंबरात तिचा देह आग्र्याकडे निघाला. दरबारी इतिहासकार सांगतात की वाटेवर गोरगरिबांना अन्न आणि नाणी वाटली गेली. धान्य भुकेल्यांना ओलांडून छावणीत गेले, आणि अन्न मिळाले ते एका शवयात्रेच्या निमित्ताने. मी हे दोन प्रवास शेजारी ठेवतो आणि त्यांतून कसलाही हिशेब जुळवू शकत नाही.

युरोपने ही वाटणी नियमांत बांधली ती बरीच उशिरा. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने १९३६ मध्ये ‘इन्कोटर्म्स’ नावाने पहिली संहिता काढली. २०२० च्या आवृत्तीत अकरा अटी आहेत. एका टोकाला एक्स वर्क्स, म्हणजे आपला जागेवरचा भाव, दुसऱ्या टोकाला डीडीपी. मधल्या अटींत मला सर्वांत अस्वस्थ करणारी अट सीआयएफ वाटते. तिच्यात विकणारा परदेशी बंदरापर्यंतचे भाडे भरतो, विम्याचा हप्ताही भरतो, पण जोखीम मात्र माल इथल्या बंदरात जहाजावर चढला की घेणाऱ्याची होते. पैसे एकाचे चालू, काळजी दुसऱ्याची सुरू. खर्च आणि चिंता हातात हात घालूनच चालतात अशी आपली समजूत, आणि इथे समुद्राच्या मध्यभागी त्यांची शांतपणे ताटातूट झालेली. पण घराघरांत याहून वेगळे काय घडते? मुलाच्या परदेशातल्या शिक्षणाचे पैसे भरणारा बापही एका दिवसापासून केवळ भाडे भरत असतो. प्रवासाची जोखीम केव्हाच दुसऱ्याच्या नावावर चढलेली असते.

ही जोखीम नेमकी कुठे उलटते, यासाठी कायदेपंडितांनी फार काळ जहाजाच्या कठड्याचा आधार घेतला होता. कठड्याच्या अलीकडे विकणाऱ्याचा माल, पलीकडे घेणाऱ्याचा. ज्या सिंदिया कंपनीच्या ‘लॉयल्टी’ जहाजाने ५ एप्रिल १९१९ रोजी मुंबईहून लंडनकडे प्रयाण करून परकी मक्तेदारीला आव्हान दिले, आणि जिच्यामागे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांची जिद्द होती, तिच्याच एका जहाजावर लंडनला भारत सरकारसाठी आगीचा बंब चढवला जात होता. तो यारीवरून सुटून पडला, कठडा ओलांडण्याआधी. १९५४ मध्ये न्यायमूर्ती डेव्हलिन यांनी निवाडा करताना या काल्पनिक उभ्या रेषेची मिस्कील थट्टा केली: यारीच्या टोकाला झुलणाऱ्या ओझ्याबरोबर जबाबदाऱ्या इकडून तिकडे हेलकावे खाताना पाहून अतिउत्साही वकिलाखेरीज कोणाला समाधान वाटावे? संहितेने तो कठडा २०१० च्या आवृत्तीत सोडून दिला. आता माल जहाजावर ठेवला गेला की झाले. रेषा हलली, तिची गरज हलली नाही.

आणि इथे केळी मला पुन्हा हाक मारतात. जळगाव आणि बऱ्हाणपूर पट्ट्यातले केळे आता शीतपेटीत बसून न्हावाशेवामार्गे आखाताकडे जाते. पॅकिंगचे काम जवळून पाहावे. हिरवा घड झाडावरून उतरतो तो खांद्यावरच्या गादीवर, जमिनीला टेकू द्यायचा नाही. मग विळ्याने फण्या सुटतात, देठातून चीक ठिबकतो, तुरटीच्या पाण्यात फणी बुडवून तो धुतात, फण्यांमध्ये फोमचे पातळ अस्तर घालतात आणि तेरा किलोची पेटी बंद होते. पेटीत जाताना केळे निर्दोष दिसते. पण उतरवताना एखाद्या फणीला बोटभर ठोका बसला असेल, तर तो आज दिसत नाही. सुमारे साडेतेरा अंशांच्या थंडीत ती जखम झोपून राहते, अरबी समुद्र ओलांडते, आणि परक्या गोदामात केळे पिकू लागल्यावर काळ्या डागाच्या रूपाने जागी होते. मग पत्रव्यवहार सुरू होतो. विकणारा म्हणतो, चढवताना माल उत्तम होता. घेणारा म्हणतो, उतरवताना नव्हता. आणि दोघेही खरे बोलत असतात. अटी नुकसानाला स्थळ देतात: बांध, बंदर, कठडा, दार. नुकसान मात्र काळात राहते. त्याचा जन्म एके ठिकाणी, दर्शन दुसऱ्या ठिकाणी, आणि मधला सगळा प्रवास म्हणजे त्याचे गर्भवासाचे दिवस. आपल्या आयुष्यातल्या कितीतरी भांडणांची हीच रचना असते, हे मला या डागाने शिकवले. कोणी कोणाला केव्हा दुखावले याची चौकशी आपण डाग दिसला त्या दिवसापासून सुरू करतो.

कायद्याला या गूढाची थोडी कल्पना असावी. आपल्या १९३० च्या माल विक्री अधिनियमात, वेगळे काही ठरले नसेल तर, मालकी जिकडे जाते तिकडे जोखीमही जाते. रेल्वेच्या कायद्यात तर माल पाठवणाऱ्यापुढे दोन दर ठेवलेले आहेत, एक रेल्वेच्या जोखमीचा आणि दुसरा, स्वस्त, मालकाच्या जोखमीचा. काहीच न सांगितल्यास दुसरा लागू समजतात. ट्रकवाल्याच्या बिल्टीवरही बहुधा बारीक अक्षरांत हेच छापलेले असते: माल मालकाच्या जोखमीवर. छापणाऱ्याने ‘मालक’ कोण ते सांगितलेले नसते. जागेवर घेतलेल्या केळ्याचा मालक वेगळा, पोहोच विकलेल्याचा वेगळा. आणि बऱ्हाणपुरातल्या लालबागच्या स्टेशनापलीकडून निघून सातपुड्याच्या वळणांवर रात्रभर स्टिअरिंग धरून बसलेला ड्रायव्हर या दोघांपैकी कोणीच नाही. माल ताजा राहावा म्हणून तो चहालाही फार वेळ थांबत नाही, पोहोच पावतीवर सही झाल्याखेरीज त्याचे उरलेले भाडे सुटत नाही, आणि माल ‘नरम’ निघाला तर कापली जाते ती पहिली रक्कम बहुतेक वेळा त्याच्याच भाड्यातली असते.