गाळावरचं अभयारण्य

नाशिक जिल्ह्यातल्या निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात एक बंधारा बांधला गेला. हेतू सरळ होता: वरच्या धरणांतून सोडलेलं पाणी अडवायचं आणि कालव्यांनी खाली कोपरगाव, राहात्याकडे न्यायचं. पण नद्या पाण्याबरोबर मातीही आणतात. बंधाऱ्यामागे वर्षानुवर्षं गाळ साचत गेला. उथळ पाणी, चिखलाची बेटं, कडेला पाणकणीस असा पसारा तयार झाला. पाटबंधारे खात्याच्या हिशेबात गाळ म्हणजे बुडालेली साठवण. पक्ष्यांनी मात्र तोच गाळ पसंत केला. 1986 साली इथे नांदूरमध्यमेश्वर अभयारण्य जाहीर झालं आणि 2020 मध्ये महाराष्ट्राला पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, मिळालं, तेही हेच.

इथे येणारा शहरी माणूस, मीही त्यातलाच, ‘निसर्गात’ आल्याच्या थाटात दुर्बीण काढतो. समोर असतं ते बंधाऱ्याचं पाणी, त्याला लागून ऊस आणि द्राक्षबागा, आणि काठावर एकसुरात चालणारे मोटरपंप. अभयारण्याच्या हद्दीत गावं आहेत, शेती आहे. फोटो काढताना आपण विजेचा खांब हळूच चौकटीबाहेर ठेवतो. त्या खांबावर घार बसली असेल तरच त्याला प्रवेश. मला ही लपवाछपवी खटकते, कारण खांब, पंप आणि पक्षी हे सगळे एकाच पाण्यावर जगतात.

हिवाळ्यातल्या सकाळी चापडगावच्या मनोऱ्यावरून थापट्यांचा थवा पाहावा. फावड्यासारखी रुंद चोच पाण्यात खुपसून ही बदकं गोल गोल फिरत राहतात. पुढच्याने ढवळलेलं मागच्याच्या चोचीत जातं आणि चोचीच्या कडेच्या दातऱ्यांतून गाळून निघतं. पाणी खोल असतं तर तळाची समृद्धी त्यांच्या हाती लागली नसती. पलीकडे वारकरी पक्ष्यांचा काळा जथा विखरून चरत असतो. दलदलीवरून पाणघार तरंगत आली की तो क्षणात गोळा होतो, एकमेकांना चिकटून मोठाच्या मोठा डाग होतो. घारीला त्यातला एक वेगळा काढता येत नाही. ती दोन घिरट्या घालते, निघून जाते, आणि डाग पुन्हा विरघळतो. हे पाहायला अर्धा तास एका जागी बसावं लागतं. यादीत आज किती जातींची भर पडली, याच घाईत असलेल्यांना वारकरी दिसतच नाही. तो ‘नेहमीचा’ ना!

माणसाचा हात लागला की निसर्ग बिघडतो, हे आपल्या मनात इतकं घट्ट बसलंय की हात काढून घेणं हाच आपल्याला संवर्धनाचा अर्थ वाटतो. म्हणून राजस्थानातल्या भरतपूरचं उदाहरण मुद्दाम आठवावं. तेही माणसानेच घडवलेलं पाणथळ. संस्थानिकांची बदकांच्या शिकारीची जागा. 1938 साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्यासाठी झालेल्या शिकारीत एका दिवसात चार हजारांहून अधिक पक्षी मारले गेले. पुढे तिथे राष्ट्रीय उद्यान झालं आणि 1982 मध्ये म्हशींच्या चराईवर बंदी आली. पक्षितज्ज्ञ सलीम अलींसारख्यांचाही बंदीला पाठिंबा होता. गावकरी चिडले, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. मग म्हशी गेल्यावर काय झालं? गवत माजलं, उघडं पाणी आक्रसलं, बदकांना उतरायला जागा उरेना. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातून शेवटी हेच पुढे आलं, की म्हशी हा त्या व्यवस्थेचाच भाग होता. एवढं होऊनही कुंपण घातलं की काम झालं, ही समजूत आपल्याकडे अजून शाबूत आहे. अर्थात म्हणून कुठेही कितीही गुरं सोडावीत, असं नाही. भरतपूरचा हिशेब भरतपूरचा.

नांदूरचा हिशेब पाण्याच्या वेळापत्रकाचा आहे. पावसाळ्यात ‘नांदूरमध्यमेश्वरमधून इतका विसर्ग’ अशी बातमी आपण वाचतो, ती खाली मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणाच्या काळजीने. नाशिक-नगर विरुद्ध मराठवाडा हा वाद पेटतो तेव्हा ज्या पाण्यावरून भांडण चालतं, त्यातलं नाशिककडून येणारं पाणी खाली जाताना याच बंधाऱ्यातून जातं. हिवाळ्यात ते किती आणि कधी सुटतं, यावर चिखल केव्हा उघडा पडणार हे ठरतं. शेकाट्याला काही बोटं पाणी लागतं, टिबुकलीला बुडी मारण्याइतकं. पाणी एकदम वाढलं तर चिखलात चोच खुपसणाऱ्यांची थाळीच बुडाली.

उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवणला हे आणखी स्पष्ट दिसतं. धरण तुडुंब भरलेल्या वर्षी शेतकरी खूश असतो, आणि रोहित (फ्लेमिंगो) पाहायला गेलेला माणूस हिरमुसतो, कारण पाणी ओसरून काठ उथळ झाल्याशिवाय ते पक्षी रमत नाहीत. इथे शेतकऱ्याच्या आनंदावर रुसणं मला जमत नाही. पण कालव्यांना पाणी सोडण्याची आवर्तनं ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते, तिथे ऊस, पिण्याचं पाणी, कारखाने या सगळ्यांची बाजू मांडली जाते. पक्ष्यांच्या वतीने कुणी काही मागितल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मागणी तशी चमत्कारिकच ठरेल. बाकी सगळे जास्त पाणी मागत असताना एकाने उठून म्हणायचं, की आमचं पाणी जरा बेताबेताने उतरू द्या, आणि थोडा गाळही राहू द्या.